किण्वाची पेशी आणि मेंदूचे विकार

विद्यालयाच्या मागील स्नेहमेळाव्यात जेवणाची पंगत उठल्यावर एक माजी विद्यार्थी आम्हा विज्ञानशिक्षकांजवळ येऊन बसला. त्याच्या वडिलांना पार्किन्सनचा विकार जडला आहे. चहाचा पेला हाती धरला की चहा बशीत सांडतो, सदऱ्याची बटणे लावण्यास अर्धा तास लागतो. तो म्हणाला, “सर, या रोगाचे संशोधन पाव फुगवणाऱ्या यीस्टवर करतात, असे वाचले. यीस्टला ना हात, ना मेंदू. त्याच्याकडून माझ्या वडिलांविषयी काय कळणार?” आम्ही चार वाक्यांत उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहावे, असे आम्ही ठरवले. प्रस्तुत लेख हे ते उत्तर होय.

विकाराचे स्वरूप

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्वचेची पेशी झिजली की तिची जागा नवी पेशी घेते; चेतापेशींच्या बाबतीत बहुतांशी तसे घडत नाही. जन्मतः लाभलेल्या पेशींवरच आयुष्य काढावे लागते. या पेशींचे काही समूह हळूहळू नष्ट होऊ लागले म्हणजे जे विकार उद्भवतात, त्यांना चेतापेशींच्या ऱ्हासाचे विकार म्हणतात. कोणत्या भागातील पेशी मरतात यावरून लक्षणे ठरतात. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या विकारात हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशी जातात. कंप सुटतो, अंग ताठरते, पाऊल उचलत नाही. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या विकारात स्मृती आणि विचारशक्ती लोपत जाते. हंटिंग्टनचा विकार आनुवंशिक असून त्यात शरीराच्या अनियंत्रित हालचाली होतात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस या विकारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी नष्ट होतात.

आपल्याकडे अशा माणसाला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून बाजूला सारतात, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेतात, क्वचित करणीबाधेचा संशय घेऊन देवऋष्याकडेही नेतात. यांत नुकसान रुग्णाचे होते. हा हट्टीपणा नव्हे, दैवी कोप नव्हे आणि वय झाल्याची सहज खूणही नव्हे. हा पेशींचा आजार आहे.

या विकारांत एक साम्य आढळते. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला असता पेशींमध्ये किंवा त्यांच्या आसपास प्रथिनांचे गोळे साचलेले दिसतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक रीतीने घडी घालून बसली तरच आपले काम करते. घडी चुकली की अशा साखळ्या एकमेकींना चिकटतात. पार्किन्सनच्या विकारातील गोळ्यांचे पहिले वर्णन फ्रिड्रिश लेवी यांनी १९१२ मध्ये केले. ते मुख्यतः आल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे असतात, हे मात्र १९९७ मध्ये उमगले. मधली पंचाऐंशी वर्षे गोळा दिसत होता, पण तो कशाचा हे ठाऊक नव्हते.

यापुढची अडचण अशी की मृत्यूनंतरच्या मेंदूत दिसतो तो शेवट. पूर ओसरल्यावर शेतात साचलेला गाळ दिसतो. बांध प्रथम कोठे फुटला, हे त्या गाळावरून सांगता येत नाही. त्यासाठी पाणी चढत असताना तेथे उभे राहावे लागते. जिवंत माणसाच्या मेंदूत असे उभे राहता येत नाही. म्हणून ज्या पेशीत ही घटना आरंभापासून पाहता येईल, अशी दुसरी पेशी संशोधकांना हवी होती.

किण्वच का?

किण्व, म्हणजेच यीस्ट, ही एकपेशीय बुरशी आहे. बेकरीतील पाव फुगवणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थच साखरेची बुरशी. एका मिलिमीटरच्या रेषेत तिच्या सुमारे दोनशे पेशी मावतात. अनुकूल स्थितीत दीड तासात एकीच्या दोन होतात. या हिशेबाने एका पेशीपासून चोवीस तासांत ६५,५३६ पेशी निर्माण होतील. उंदराच्या मेंदूतील ऱ्हास पाहण्यास महिने लागतात. किण्वातील परिणाम दोन-तीन दिवसांत हाती येतो आणि खर्चही अल्प असतो.

तथापि वेग आणि स्वस्ताई एवढ्यानेच किण्वाची निवड झाली नाही. इयत्ता आठवी-नववीत पेशीच्या आकृतीत आपण जी नावे लिहिली, ती आठवावीत : केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल. जिवाणूच्या पेशीत ही अंगके नसतात. किण्वाच्या पेशीत ती आहेत आणि आपल्याही पेशीत आहेत. मानव आणि किण्व यांचे समान पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी पेशीचा घरसंसार दोघांनी जुन्याच पद्धतीने चालू ठेवला. प्रथिने घडवणे, त्यांची घडी नीट बसवणे, ती योग्य ठिकाणी पोहोचवणे आणि निकामी झालेली मोडून टाकणे, ही कामे दोघांकडे बरीचशी सारख्याच यंत्रणांनी होतात.

हे साम्य किती खोल आहे, याचा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात आशिक काचरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किण्वाची जगण्यास अत्यावश्यक अशी चारशेहून अधिक जनुके निवडली आणि एकेका जनुकाच्या जागी मानवाचे तत्सम जनुक बसवून पाहिले. जवळजवळ निम्म्या जनुकांच्या बाबतीत किण्व मानवी जनुकावर जगले.

शिवाय किण्वाची संपूर्ण माहिती हाताशी आहे. त्याचा जनुकसंच १९९६ मध्ये पूर्णपणे वाचला गेला. केंद्रकयुक्त सजीवांत हा पहिला मान किण्वाचा. त्याची सुमारे सहा हजार जनुके आहेत आणि एकेक जनुक काढून टाकलेले किण्वाचे हजारो वाण प्रयोगशाळांत तयार ठेवलेले असतात.

पहिला धडा : प्रमाणाचा

अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत सुसान लिंडक्विस्ट (१९४९–२०१६) या शास्त्रज्ञ प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास किण्वात करीत असत. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी टियागो आउटेरो यांनी २००३ मध्ये आल्फा-सिन्युक्लिनचे मानवी जनुक किण्वात घातले.

प्रयोगाची रचना समजण्यासारखी आहे. किण्वात काही जनुके अशी असतात की गॅलॅक्टोज ही साखर दिली की ती चालू होतात आणि ग्लुकोज दिले की बंद राहतात. मानवी जनुकाला अशी कळ जोडली म्हणजे ते केव्हा चालू करायचे, हे संशोधकाच्या हाती येते. त्या प्रथिनाला हिरवा प्रकाश देणारे दुसरे प्रथिन जोडले की ते पेशीत कोठे आहे, हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. किण्वाचे स्वतःचे आल्फा-सिन्युक्लिन नसतेच. त्यामुळे पुढे जे घडेल ते या पाहुण्या प्रथिनामुळेच, असे म्हणता येते.

जनुकाची एक प्रत घातली, तेव्हा हिरवे प्रथिन पेशीच्या कडेच्या पटलावर शांतपणे बसले आणि पेशी वाढत राहिली. दोन प्रती घातल्या, तेव्हा तेच प्रथिन पेशीच्या आत गोळ्यांच्या रूपाने साचले आणि पेशीची वाढ खुंटली. प्रथिन तेच होते. केवळ त्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास गेले होते.

हे खरोखर मानवाला लागू पडते काय? त्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी पार्किन्सनचा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका अमेरिकन कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपणा सर्वांकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्या कुटुंबातील रुग्णांकडे चार होत्या. जनुकात कोणतीही चूक नव्हती, फक्त प्रती अधिक होत्या. किण्वाने दाखवलेली गोष्ट त्या कुटुंबाने भोगली होती.

दुसरा धडा : अडलेल्या वाटेचा

प्रमाण वाढले की पेशीत प्रथम काय बिघडते? म्हणजे बांध कोठे फुटतो? लिंडक्विस्ट यांच्या गटाने आणि इतर सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. किण्वाची हजारो जनुके एकेक करून वाढत्या प्रमाणात देऊन पाहिली आणि कोणते जनुक पेशीला वाचवते, हे शोधले. वाचवणाऱ्या जनुकांतील एक मोठा गट आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलाकडे प्रथिने नेणाऱ्या वाहतुकीचा निघाला. प्रत्यक्ष पाहणीतही सर्वांत आधी हीच वाट अडलेली आढळली.

या वाहतुकीचे नियमन करणाऱ्या प्रथिनाचे मानवी रूप रॅब-१ या नावाने ओळखले जाते. ते फळमाशी, सूक्ष्म कृमी आणि उंदराच्या जातीतील प्राण्याच्या चेतापेशी यांत वाढवून पाहिले असता तेथेही आल्फा-सिन्युक्लिनमुळे मरणाऱ्या चेतापेशी काही प्रमाणात वाचल्या. किण्वातून निघालेला तर्क मेंदू असलेल्या प्राण्यांत टिकला.

येथे एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. ही वाट कोणत्या जनुकांनी चालते, याचा मूलभूत शोध रँडी शेकमन यांनी पीटर नोव्हिक या विद्यार्थ्यासह किण्वातच लावण्यास आरंभ केला होता. त्यांचा पहिला निबंध १९७९ चा. त्या वेळी त्यांच्यापुढे कोणताही रोग नव्हता, केवळ पेशी माल बाहेर कसा पाठवते हे कुतूहल होते. शेकमन यांना २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पत्नीलाच पार्किन्सनच्या विकाराने ग्रासले होते, आणि पुढे शेकमन या विकाराच्या मूलभूत संशोधनाचे नेतृत्व करू लागले. पेशी स्वतःचा टाकाऊ भाग कसा पचवते, हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी किण्वातच शोधले आणि त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. ती सफाई मंदावणे हाही आज या विकारांच्या अभ्यासाचा विषय आहे. ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न फार लवकर विचारू नये, हे आम्ही वर्गात सांगतो. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

तिसरा धडा : सारखे दिसते ते सारखे नसते

हंटिंग्टनच्या विकारात एका प्रथिनातील ग्लुटामिन या अमिनो आम्लाची ओळ प्रमाणाबाहेर लांबते. तेथेही गोळे होतात. मग दोन्ही विकारांचे कारण एकच समजावे काय? २००३ मध्ये किण्वाचे ४,८५० वाण घेण्यात आले. प्रत्येकात एकेक जनुक काढलेले होते. हंटिंग्टनच्या प्रथिनापुढे ५२ वाण विशेष दुबळे ठरले, आल्फा-सिन्युक्लिनपुढे ८६. दोन्हींपुढे दुबळा ठरलेला वाण एकच निघाला. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे हे दोन गोळे पेशीची वेगवेगळी दुखणी उघडी पाडतात. सर्व विस्मरणांवर आणि सर्व कंपांवर एकच रामबाण उपाय असल्याची जाहिरात दिसली, तर या आकड्यांची आठवण ठेवावी.

चौथा धडा : किण्वापासून रुग्णापर्यंत, आणि परत

एएलएसच्या बहुतेक रुग्णांच्या पेशींत टीडीपी-४३ या प्रथिनाचे गोळे असतात, हे २००६ मध्ये कळले. आरन गिटलर यांच्या गटाने ते प्रथिन किण्वात घातले आणि त्याचा विषारीपणा वाढवणारे एक जनुक शोधले. त्याचे मानवी रूप ॲटॅक्सिन-२. मग त्यांनी रुग्णांचे नमुने तपासले. ॲटॅक्सिन-२ मधील ग्लुटामिनची ओळ मध्यम लांबीची असणारे लोक निरोगी गटात १.४ टक्के होते, रुग्णांत ४.७ टक्के. २०१० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. किण्वातून निघालेल्या धाग्यावरून मानवी रोगाचा एक धोका सापडला होता. २०१७ मध्ये टीडीपी-४३ ने आजारी केलेल्या उंदरांत ॲटॅक्सिन-२ कमी केले असता ते अधिक काळ जगले.

येथेच लेख संपवला असता तर तो अधिक सुखद वाटला असता. परंतु ॲटॅक्सिन-२ कमी करणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा अपेक्षित लाभ दिसला नाही आणि २०२४ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यापासून ही गोष्ट लपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. किण्वाने दाखवलेला धोका त्यामुळे खोटा ठरत नाही. पण धोका सापडणे आणि उपचार सापडणे यांत मोठे अंतर आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

किण्वाच्या मर्यादा

किण्वाला स्मृती नाही, तिचा विसरही नाही. एक चेतापेशी दुसरीला संदेश देते ती जोडणी त्याच्याकडे नाही. चेतापेशींचे पोषण व रक्षण करणाऱ्या शेजारपेशी नाहीत, रक्त नाही, प्रतिकारशक्तीच्या पेशी नाहीत. चेतापेशीचा तंतू एक मीटरपर्यंत लांब असू शकतो. एवढ्या लांबवर माल पोहोचवण्याचे कष्ट किण्वाला ठाऊक नाहीत. मेंदूतील अमुकच पेशी का मरतात आणि शेजारच्या का वाचतात, हे किण्व एकटे सांगू शकत नाही.

म्हणून संशोधनाची शिडी असते. किण्वात तर्क सुचतो. कृमी, माशी आणि उंदीर यांत तो पारखला जातो. नंतर रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशींत तो पुन्हा तपासतात. आल्फा-सिन्युक्लिनचा विषारीपणा कमी करणारे एक संयुग याच रीतीने किण्वात सापडले आणि २०१३ मध्ये रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या चेतापेशींतही गुणकारी दिसले. ते औषध झालेले नाही. प्रत्येक पायरीवर पुष्कळ तर्क गळून पडतात. खालच्या पायरीवर ते लवकर आणि स्वस्तात गळावेत, हाही किण्वाचा एक उपकारच आहे.

समारोप

त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही आता असे उत्तर देऊ : किण्वाला तुझ्या वडिलांच्या मेंदूविषयी काही ठाऊक नाही, पण त्यांच्या पेशीतील घरसंसार कोठे बिघडला असावा, हे ते दाखवू शकते. त्यातून उद्याचे औषध निघेलच, असे वचन आम्ही देणार नाही. आज करण्यासारखे मात्र बरेच आहे. मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे वेळीच न्यावे. पार्किन्सनच्या विकारात लेव्होडोपासारखी औषधे ऱ्हास थांबवत नसली तरी हालचाली पुष्कळ सुकर करतात. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. व्यायाम आणि चालणे सोडू देऊ नये. बटण लावण्यास अर्धा तास लागत असेल, तर तो अर्धा तास त्यांना द्यावा आणि कोणी हसू लागल्यास कारण समजावून सांगावे.

विद्यार्थ्यांसाठी कृती व प्रश्न

१. कोमट पाण्यात दोन चमचे साखर व एक चमचा कोरडे यीस्ट घालून ते मिश्रण बाटलीत भरा आणि तोंडाला फुगा बांधा. तासाभराने काय दिसते? पाणी उकळते घेतल्यास काय होईल, हे आधी लिहून ठेवा आणि मग करून पाहा.

२. त्या मिश्रणाच्या थेंबात मिथिलीन ब्ल्यूचा सौम्य थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जिवंत पेशी रंगहीन राहतात, मेलेल्या निळ्या दिसतात. शंभर पेशी मोजा आणि निळ्यांचे शेकडा प्रमाण काढा. कलिकायन होत असलेल्या पेशींची आकृती काढा.

३. किण्वात स्वतःचे आल्फा-सिन्युक्लिन असते, तर वर सांगितलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष काढताना कोणती अडचण आली असती?

४. आपल्या घरातील किंवा वस्तीतील एखाद्या वृद्ध व्यक्तीला कंप किंवा विस्मरण असेल, तर लोक त्याचे काय कारण सांगतात? ते लिहून आणा. वर्गात त्यावर चर्चा करू.